बांध वाहून गेला, आता नकाशा तरी द्या

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा परांडा आणि भूम तालुक्यांतली माणसं घराच्या छतावर बसून होती. काहींना हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं. ते व्हिडिओ तुम्हीही फॉरवर्ड केले असतील. पाणी ओसरल्यावर जे उरलं त्याचे व्हिडिओ मात्र फारसे फिरले नाहीत.

माझ्या मामाचं शेत सीनाकाठचं. पूर गेल्यावर मी तिथं गेले तर काळ्या मातीच्या जागी वाळू आणि गोटे होते. विहीर गाळानं भरलेली. आणि बांध नव्हता. मामा आणि शेजारी यांच्यात ज्या बांधावरून वीस वर्षं धुसफूस चालली होती, तो बांध बाभळीसकट गेला होता.

"आगं, बांधच न्हाई तर भांडायचं कशावरनं?" मामा हसत म्हणाला. मग माझ्या हातातल्या फोनकडं बोट करून म्हणाला, "त्यात दिसतंय का बघ बाई, आपली हद कुठवर हुती."

मी सरकारी संकेतस्थळ उघडलं. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर निवडला. स्क्रीनवर गटाचा आकार आला. चार रेषा, मधे आकडा. डाऊनलोड केलं तर पीडीएफ मिळाली. दुसऱ्या खिडकीत त्याच शिवाराचा उपग्रहातून घेतलेला फोटो उघडला. एकीकडे आकार होता, दुसरीकडे जमीन होती, आणि दोन्ही एकमेकांवर बसवायला लागणारे अक्षांश-रेखांश त्या कागदावर कुठंच नव्हते. मामाला मी सांगितलं, "दिसतंय, पण कुठं आहे ते कळत नाही." इतकं बिनकामाचं उत्तर मी त्याला याआधी कधी दिलं नव्हतं.

पुरानंतर सरकारनं खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि मनरेगातून ३ लाख रुपयांपर्यंतची मदत जाहीर केली. म्हणजे प्रत्येक शेतात प्रश्न आला: किती गुंठे खरडले, आणि ते कुणाच्या गटातले? गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. बांध नसलेल्या वाळूत ३३ फूट इकडे-तिकडे होणं किती सोपं आहे, ते तिथं उभं राहिल्यावरच कळतं. अशा वेळी खरा साक्षीदार एकच, नकाशा. तो सरकारच्या ताब्यात आहे आणि सरकार तो आपल्याला लांबून दाखवतं.

तुम्ही म्हणाल, नकाशे जुने आहेत, निजामाच्या काळातल्या मोजणीपासून चालत आलेले, कागदावरचे, त्यांचे अक्षांश-रेखांश कुणी काढले असणार? मग ई-पीक पाहणीचं ॲप आठवा. हे ॲप १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर आलं. आता त्यात पिकाचा फोटो काढायचा तर आपण गटाच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आत असावं लागतं. लांब उभे असाल तर ॲप फोटो घेत नाही. आता विचार करा. हद्द कुठं आहे हे माहीत असल्याशिवाय कुणी लांब आहे की जवळ, हे सांगता येईल का? म्हणजे गटाची हद्द अक्षांश-रेखांशांसह कुठल्या तरी सर्व्हरवर आहे. शेतकऱ्याला अडवण्यापुरती ती चालते. त्याच शेतकऱ्याच्या हातात द्यायची वेळ आली की ती अचानक जुनी, अंदाजे आणि नाजूक बाब होते.

माझा राग इथं आहे. आपल्याकडे माहितीचा तुटवडा नाही. धाराशिव जिल्हा ७,५६९ चौरस किलोमीटरचा, तालुके आठ. या एवढ्या भूभागाचे किती नकाशे सरकारी तिजोरीतून झाले असतील, मोजून बघा. भूमी अभिलेखाकडे गटांचे नकाशे. जलसंपदा विभागाकडे पूररेषा: २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे विहिरींच्या पाणीपातळ्या आणि पाणलोट. नागपूरला १९८८ पासून महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, तिथं माती, जमिनीचा वापर, ओढे-नाले. भारतीय सर्वेक्षण विभागाकडे टोपोशीट, शिवाय काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा सांगणारी, राज्यभर पसरलेली ७७ संदर्भ केंद्रं. पोकरा प्रकल्पात धाराशिव होता, तेव्हा पाण्याच्या ताळेबंदासाठी गावोगावचे नकाशे झाले.

आता मामाच्या प्रश्नाकडे या. गट भूमी अभिलेखाकडे, पूररेषा जलसंपदाकडे, माती नागपूरला, पाऊस कृषी विभागाकडे. हे चार थर एकावर एक ठेवले की उत्तर मिळतं. पण ते ठेवायचे कुणी? प्रत्येक खात्याचं कपाट वेगळं आणि किल्ली वेगळी.

कपाटं वेगळी असली तरी नावं तरी एक असावीत, तीही नाहीत. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव उस्मानाबादवरून धाराशिव झालं. नावाचा वाद बाजूला ठेवा, माहितीचं काय झालं ते बघा. एका यादीत जुनं नाव, दुसरीत नवं, तिसरीत इंग्रजीतली तिसरीच वर्तणी. एकाच नावाची गावंही ठिकठिकाणी. म्हणून तर गावांना क्रमांक दिलेले असतात. पण जनगणनेचा क्रमांक वेगळा आणि पंचायत राजच्या निर्देशिकेतला वेगळा. आपल्या जिल्ह्याला तर ही गोष्ट शिकवायची गरज पडू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद मिळून ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली. एका रात्रीत गावठाण ढिगारा झालं आणि पुढं गावच उठून दुसरीकडे गेलं. नकाशावर तारीख नसेल, तर तो कोणत्या गावाचा आहे हेही सांगता येत नाही. ३० वर्षांनंतरही ज्या नोंदीवर तारीख आणि सामाईक क्रमांक नाही, ती नोंद ठेवणाऱ्यांना भूकंपानं काही शिकवलं नाही, असंच म्हणावं लागेल.

या सगळ्यावर तीन ठरलेली उत्तरं मिळतात. एकेक घेऊ.

पहिलं उत्तर, सुरक्षा. परांड्याच्या किल्ल्यात अजून तोफा आहेत, पण त्या किल्ल्याचा नकाशा लपवून लढाया जिंकायचे दिवस गेले. तुमच्या शेताचा १० मीटर बारकाव्याचा फोटो युरोपचे सेंटिनेल उपग्रह दर पाच दिवसांनी घेतात आणि जगातल्या कुणालाही फुकट देतात. अमेरिकेनं २००८ मध्ये लँडसॅटचे फोटो मोफत केले तेव्हा त्यांचा वापर कित्येक पटींनी वाढला. आणि आपलं केंद्र सरकार काय म्हणतं? १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांना नकाशे बनवायला, छापायला परवानगी घेण्याची अट काढून टाकली. त्याच सूचनांत असंही आहे की, सुरक्षा यंत्रणांची गोपनीय माहिती सोडून, सार्वजनिक पैशातून तयार झालेली भौगोलिक माहिती सर्व भारतीयांना सहज मिळावी. २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाची दिशाही तीच आहे. तेव्हा सुरक्षेचं कारण दिल्लीनंच मोडीत काढलंय. तालुक्यापर्यंत ते पोचायचं राहिलंय.

दुसरं उत्तर, खासगीपणा. हे ऐकलं की मला हसावं की रडावं कळत नाही. आज कुणीही फोनवर कुणाचाही सातबारा बघू शकतो. मालकाचं नाव, क्षेत्र, इतर अधिकारात कोणत्या बँकेचा किती बोजा. माझ्या मामावर किती कर्ज आहे हे त्याचे व्याही घरबसल्या वाचू शकतात. जे झाकायचं ते उघडं, आणि ज्यात कुणाचं नाव-गाव येत नाही तो जमिनीचा आकार मात्र बंद. उलटं करा ना. नावं काढून टाका, फक्त गट क्रमांक आणि हद्द द्या. कुणाचं गुपित फुटणार नाही.

तिसरं उत्तर जरा खरं आहे: नकाशे चुकीचे आहेत, उघडे केले तर बांधाबांधावर भांडणं होतील. नकाशे चुकलेले आहेत हे मान्य. जुन्या साखळीच्या मोजणीतले फरक, पोटहिस्से न पडलेले गट, जागा बदललेले ओढे, हे सगळं आहे. पण भांडणं आजही होतातच. दिवाणी न्यायालयाच्या आवारात एक फेरी मारून या. झाकून ठेवलेली चूक दुरुस्त होत नाही, ती फक्त एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते. आणि "हा नकाशा मार्गदर्शनासाठी आहे, कायदेशीर हद्दीसाठी मोजणी करून घ्या" ही ओळ छापायला शाई किती लागते?

उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्यानं निघालं की थोड्या वेळात कर्नाटक लागतं. तिथं दिशांक नावाचं सरकारी ॲप आहे. शेतात उभं राहून ते उघडलं की आपण कोणत्या सर्व्हे नंबरमध्ये उभे आहोत ते दिसतं. तिथले नकाशे काही आभाळातून पडलेले नाहीत, त्यांनाही जुन्या कागदांवरूनच काम करावं लागलं. तिथं बांधांवर युद्ध पेटल्याचं मी ऐकलेलं नाही.

आपल्याकडेही एक उदाहरण आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मंडळनिहाय पावसाचे आकडे रोज संकेतस्थळावर येतात. ते उघडे असल्यामुळेच एखादा शेतकरी म्हणू शकतो, "आमच्या मंडळात एवढा पाऊस नोंदला गेलाय, मग आमचं गाव यादीत का नाही?" किंवा त्याउलट, "यंत्र दहा कोसांवर आहे, आमच्याकडचा पाऊस त्याला कळलाच नाही." आकडा हातात आला की तक्रारीला धार येते.

कदाचित नको असते ती हीच धार. माहिती सगळ्यांनाच मिळत नाही असं थोडंच आहे? महामार्गाची आखणी करणाऱ्या सल्लागाराकडे गट, उंचसखलपणा, विहिरी, झाडं असे सगळे थर असतात. त्याशिवाय रेषा मारताच येत नाही. प्रस्तावित शक्तिपीठ महामार्ग असो, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्ग असो की माळावरच्या पवनचक्क्या, जमीन मागायला येणाऱ्याच्या लॅपटॉपवर सगळं शिवार असतं. देणाऱ्याच्या हातात सातबाऱ्याचा कागद. वाटाघाटी तिथंच निम्म्या हरलेल्या असतात. नकाशा बंद ठेवल्यानं गोरगरिबांचं संरक्षण होतं असं सांगणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की तो नक्की कुणासाठी बंद आहे?

मागणं मोठं नाही. गाव, महसूल मंडळ, पाणलोट, पूररेषा आणि गट यांच्या हद्दी अक्षांश-रेखांशांसह, मालकांची नावं वगळून, डाऊनलोड करता येतील अशा द्या. चित्र नको, वापरता येणारी फाईल द्या. प्रत्येक फाईलवर तारीख घाला. सगळ्या खात्यांनी गावासाठी एकच क्रमांक वापरा. आणि चूक दाखवण्यासाठी एक दार ठेवा, जिथं तक्रारीला क्रमांक मिळेल आणि मुदतीत उत्तर येईल. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की मागण्याची वाट न बघता सरकारनं स्वतःहून माहिती उघड करावी. तो कायदा २००५ चा. त्यानंतर जन्मलेली पोरं आता मतदान करतात.

आणि आपण? ग्रामसभेत आपल्या गावाच्या पूररेषेचा नकाशा मागा. मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, आणि अर्जात "नकाशाची प्रत" असं न लिहिता "अक्षांश-रेखांशांसह डिजिटल फाईल" असं लिहा. ओपनस्ट्रीटमॅपवर आपली पाणंद, आपला ओढा, आपला पाझर तलाव स्वतः चढवा. डेटामीटच्या स्वयंसेवकांनी गावांच्या हद्दी गोळा करून लोकांसाठी उघड्या केल्या, त्यांनी सरकारची वाट पाहिली नाही. त्यानं सरकारची जबाबदारी संपत नाही, पण "हे जमणार नाही" या वाक्याची हवा नक्की जाते.

मामानं शेवटी शेजाऱ्याला बोलावलं. दोघं वाळूत उभे राहिले. जुन्या विहिरीपासून पावलं मोजली, वाकून, आठवून, एकमेकांना दुरुस्त करत. मग एक दगड ठेवला. वीस वर्षं भांडलेल्या दोन माणसांना जे एका दुपारी साधलं, ते म्हणजे आपापल्याकडची माहिती एकमेकांसमोर ठेवणं. खात्यांना एवढंच करायचंय. त्यांच्याकडे तर उपग्रह आहेत.