टांडाहिंबाची काजू बी, कमाई मात्र बाहेर

टांझानियाच्या आग्नेयेला, मोझांबिकच्या सीमेवर टांडाहिंबा हा ग्रामीण जिल्हा आहे. माकोंडे पठारावरील या भागात प्रामुख्याने मातृवंशीय माकोंडे समाज राहतो. वाळूमिश्रित जमिनीत पाणी टिकत नाही. पोटासाठी कसावा आणि रोख पैशासाठी काजू, असे येथील शेतीचे गणित. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेले हे झाड गोव्याप्रमाणे येथेही रुजले.

मात्र टांझानियाची बहुतांश काजू बी न फोडताच भारत आणि व्हिएतनामला जाते. कोकणातील अनेक कारखान्यांनाही आफ्रिकी बी लागते. म्हणजे पिकवणारा एकीकडे, प्रक्रियेतील नफा दुसरीकडे.

२०१८मध्ये व्यापाऱ्यांनी कमी भाव देऊ केल्यावर अध्यक्ष जॉन मागुफुली यांनी लष्कराला कामाला लावून किलोला ३,३०० शिलिंग दराने सरकारी खरेदी जाहीर केली. अनेक शेतकऱ्यांना पैशांसाठी ताटकळावे लागले. भाव जाहीर करणे सोपे. माल घेणे, साठवणे आणि विकणे अवघड. त्यामुळे खरेदीच्या घोषणेपेक्षा बी फोडण्याचे, सोलण्याचे काम जिल्ह्यातच उभे करणे हाच टिकाऊ उपाय आहे. त्यासाठी आधी पाणी, वीज आणि भांडवल तेथे पोहोचायला हवे.