लैंगिक इच्छा कमी झाली आहे? चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न विचारायचा कुणी?

आमच्या भागातल्या ओपीडीत लैंगिक इच्छा कमी झाल्याची तक्रार सरळ क्वचितच येते. बाई कंबरदुखी, थकवा किंवा अंगावरून पांढरे जाण्याबद्दल सांगते. पुरुष 'कमजोरी'ची गोळी मागतो. बऱ्याच वेळा नवराच बायकोला घेऊन येतो आणि म्हणतो, "हिला इच्छाच होत नाही, काहीतरी औषध द्या." अशा वेळी ती बहुधा खाली मान घालून बसलेली असते.

या तक्रारीमागे बऱ्याचदा उपचार होऊ शकणारे कारण सापडते. पण ते शोधायला आधी कुणीतरी विचारावे लागते, आणि आपली आरोग्य यंत्रणा नेमके इथेच कमी पडते.

१९८९ मध्ये गडचिरोलीने काय दाखवले?

'सर्च' संस्थेच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा किंवा पाळीचा एक तरी आजार निघाला. सरासरी काढली तर एका स्त्रीमागे तीनहून जास्त आजार होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के.

ज्या स्त्रीला आतून जंतुसंसर्ग आहे, आग होते, ओटीपोटात दुखते, तिला संबंध नकोसा वाटणे स्वाभाविक आहे. तिची इच्छा 'गेलेली' नसते. शरीर दुखणे टाळत असते. तिला ताकदीचे औषध देऊन काय होणार? आधी संसर्ग बरा करायला हवा.

आज यंत्रणा काय विचारते?

त्यानंतर बरेच बदलले. चंद्रपूरला २०१५ मध्ये आणि गडचिरोलीला २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा तपासणी फॉर्म भरतात. त्यात संबंधानंतर रक्त जाते का, अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जातो का, हे प्रश्न आहेत. कशातच रस वाटत नाही का, मन उदास असते का, हेही विचारले जाते. पण संबंधाच्या वेळी दुखते का, इच्छा कमी झाल्याचा त्रास होतो का, हे त्यात विचारलेले नाही.

दुसरी त्रुटी वयाची आहे. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक आहे आणि हा फॉर्म तिशीनंतर भरला जातो. मधली दहा वर्षे लग्नाची, बाळंतपणाची आणि ऑपरेशनची असतात. या काळात बाईशी बोलणे होते ते गरोदरपण, लसीकरण आणि कुटुंब नियोजनाबद्दल. तिला स्वतःला कसे वाटते, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही. 'संबंधाच्या वेळी काही त्रास होतो का?' एवढा एक प्रश्न बाळंतपणानंतरच्या भेटीत विचारला, तरी बऱ्याच जणी वेळेत उपचारापर्यंत पोहोचतील. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. लागते ती पडद्याआडची जागा आणि ऐकून घेणारी नर्स किंवा डॉक्टर.

हा आजार कधी मानायचा?

इच्छा प्रत्येकाची वेगळी असते आणि वयाप्रमाणे, परिस्थितीप्रमाणे बदलते. दिवसभर धान रोवून किंवा तेंदूपत्ता तोडून आलेल्या शरीराला रात्री झोप हवी असते. मिरची तोडायला तेलंगणात गेलेले जोडपे दोन महिन्यांनी घरी आले की लगेच सगळे पूर्ववत होईल असे नाही. इच्छा कमी आहे, पण त्याचा त्या व्यक्तीला त्रास नाही, तर तो आजार नाही. साधारण सहा महिने इच्छा कमी राहिली आणि त्यामुळे त्या व्यक्तीला स्वतःला त्रास होत असेल, तर तपासणी करावी.

नेहमीची कारणे

- रक्तक्षय: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आपल्या भागात सिकलसेलही आहे. सतत थकलेल्या शरीरात इच्छा टिकत नाही.
- बाळंतपण आणि स्तनपान: या काळात हार्मोन्समुळे योनीमार्ग कोरडा राहतो आणि इच्छा कमी होते. हे तात्पुरते असते. पाळी बंद झाल्यावरही कोरडेपणा येतो, त्यावर उपचार आहेत.
- मधुमेह, थायरॉइड, उदासीनता: तिन्ही आजार साध्या तपासणीत सापडतात. पुरुषाला ताठरता येत नसेल तर ते हृदयविकाराचे पूर्वचिन्हही असू शकते.
- औषधे: नैराश्यावरच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी इच्छा कमी होते. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर त्या बदलून देऊ शकतात.
- दारू आणि खर्रा: गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. बंदी असो वा नसो, रोजची दारू पुरुषी हार्मोन कमी करते, नसा बिघडवते आणि घरातली जवळीक संपवते. खर्र्यातल्या तंबाखूने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात.
- गैरसमज: स्त्रीच्या किंवा पुरुषाच्या नसबंदीने हार्मोन्स कमी होत नाहीत. स्वप्नात वीर्य गेल्याने 'धातू' संपत नाही. ही भीतीच इच्छा मारते.

उपचार कसे होतात?

आधी कारण शोधून त्यावर उपचार होतो. त्यासाठी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि गरज असेल तर इतर हार्मोन्स तपासतात. दुखत असेल तर आतून तपासणी आवश्यक आहे.

शरीरात काही सापडले नाही तर समुपदेशन उपयोगी पडते. समुपदेशक दोघांशी वेगवेगळे आणि मग एकत्र बोलतात. पुष्कळ लोकांमध्ये, विशेषतः जुन्या नात्यात, इच्छा आधी येत नाही; निवांत जवळीक झाली की मागून येते. हे कळले तरी 'माझ्यात काहीतरी बिघडले' ही भीती कमी होते. मग काही आठवडे संबंध पूर्ण थांबवून फक्त स्पर्शाचा सराव देतात. आधी हात, पाठ, डोके, आणि काय आवडते ते बोलून सांगायचे. 'आज करावेच लागेल' हा दबाव गेल्यावर शरीर सैल होते. एका खोलीत सासू-सासरे, मुले झोपत असतील तर निवांत वेळ कसा काढायचा, हेही समुपदेशकाशी मोकळेपणाने बोला. तो तुमच्या उपचाराचाच भाग आहे.

बसस्टँडच्या भिंतीवरच्या 'शक्तिवर्धक' जाहिरातींपासून लांब राहा. लैंगिक सुख वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे.

सुरुवात कशी करावी?

"आम्हा नवरा-बायकोचे जमत नाही" किंवा "जवळ यावेसे वाटत नाही" एवढे म्हटले तरी डॉक्टरांना कळते. एकटे बोलायचे असेल तर तसे सांगा, तो तुमचा हक्क आहे. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. भामरागड किंवा सिरोंच्याहून जिल्ह्याला जायचे तर दिवस मोडतो, म्हणून मनोविकार आणि स्त्रीरोग ओपीडीचे वार आधी आशाताईंकडून विचारून घ्या. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतही.

नवऱ्यांसाठी आणि घरच्यांसाठी

बायको नाही म्हणते म्हणजे ती आजारी आहे असे नाही. दारू पिऊन येणे, मारहाण, जबरदस्ती चालू असताना इच्छा कमी होणे हे निरोगी मनाचे लक्षण आहे. अशा घरात औषधाची गरज बाईला नसते, वागणे बदलण्याची गरज समोरच्याला असते. लैंगिक छळ हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात येतो. मदतीसाठी १८१ वर फोन करता येतो.

पुढच्या वेळी बायकोला 'औषध द्या' म्हणून दवाखान्यात आणाल, तेव्हा थोडा वेळ बाहेर थांबा आणि तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या. नंतर स्वतःचीही तपासणी करून घ्या.