संग्रहालयाचा जमाखर्च कोण वाचणार?

मराठी इतिहासलेखनाची जी परंपरा आपण अभिमानाने सांगतो ती मुळात जमाखर्च वाचणाऱ्यांची परंपरा आहे. राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' २२ खंडांत प्रसिद्ध केली. सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. त्या कागदांत पराक्रमाइतकाच पैसा आहे. कोणाला किती सरंजाम मिळाला, कोणत्या देवस्थानाला किती वर्षासन लागले, शिबंदीचा पगार किती महिने थकला, या नोंदींवाचून अठराव्या शतकाविषयी एक धड विधान करता येणार नाही, हे आपण वर्गात सांगतो. परंतु याच इतिहासाचे अवशेष जिथे जपले जातात त्या आजच्या संस्थेचा ताळेबंद पुढे आला की आपल्यातील बहुतेकांची जिज्ञासा एकाएकी आटते. 'हे लेखापालांचे काम, आपला विषय संस्कृती', असे म्हणून आपण मोकळे होतो. या मोकळे होण्याला आमचा विरोध आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : शहराच्या इतिहासाचे संग्रहालय कोणाच्या पैशावर चालते आणि त्याचे विश्वस्त कोण नेमतो, हे प्रश्न त्या संग्रहालयातील इतिहासाच्या बाहेरचे नाहीत. तेथे काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते.

मुंबईच्या भायखळ्यातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे. कारण शहराचे संग्रहालय चालवण्याच्या जेवढ्या म्हणून तऱ्हा असू शकतात, त्यांतील बहुतेक या एकाच वास्तूने पाहिल्या आहेत. आरंभ सरकारी छत्राखाली झाला. १८५५ साली कोटातील टाउन बराकीत एक संग्रह उभा राहिला होता. १८५७ साली लष्कराला जागा हवी झाली, तेव्हा तो घाईघाईने बाहेर काढण्यात आला आणि त्यातील बराच भाग नष्ट झाला. ज्या संग्रहाला स्वतःच्या छपरावर हक्क नाही तो एका हुकुमासरशी रस्त्यावर येतो, हा पहिला धडा होय.

त्यानंतर वर्गणीचे पर्व आले. जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी, जॉर्ज बर्डवुड या मंडळींनी पुढाकार घेतला, शहरातील धनिकांनी रकमा दिल्या आणि १८६२ साली इमारतीचा पाया घातला गेला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे त्या काळी मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला, त्याबरोबर शेअरांचा फुगा फुटला आणि वर्गणीदारांची शहरे-गावे पालथी घालूनही पैसा मिळेना, अशी वेळ आली. खुद्द भाऊ दाजी त्या पडझडीत आर्थिकदृष्ट्या खचले. इमारत रखडली, ती पुरी होण्यासाठी पुन्हा सरकारी तिजोरीचाच आधार घ्यावा लागला आणि १८७२ साली 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम' लोकांना खुले झाले. दात्यांची उदारता बाजाराच्या चढउताराशी बांधलेली असते, हा दुसरा धडा. दात्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. कायम निधी नसलेल्या संस्थेचे काय होते एवढेच त्यातून दिसते.

तिसरे पर्व महापालिकेचे. या काळात संग्रहालयाला १९७५ साली भाऊ दाजींचे नाव मिळाले, ही उचित गोष्ट घडली. पण नाव बदलल्याने गळके छप्पर बुजत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस या वास्तूची जी दुरवस्था झाली होती ती आठवणारे वाचक आजही आहेत. राणीच्या बागेत सिंह पाहायला आलेली कुटुंबे शेजारच्या या इमारतीत डोकावत आणि धुळकट काचांमागे काय आहे हे न कळताच बाहेर पडत. मालकी सार्वजनिक होती, पण तिची चिंता वाहणारा कोणीच नव्हता. तिसरा धडा हा, आणि तो आमच्यासारख्या सार्वजनिकतेच्या कैवाऱ्यांनी गिळलाच पाहिजे.

चौथे पर्व भागीदारीचे. २००३ साली महापालिका, 'इंटॅक' आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, त्यातून विश्वस्त संस्था आकाराला आली. जीर्णोद्धाराच्या कामाला २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ साली संग्रहालय नव्याने खुले झाले. काम उत्तम झाले, हे मान्य करण्यात आम्हाला कसलाही संकोच नाही. या संस्थेवर वा तिच्या कोणा विश्वस्तावर आम्ही आरोप करीत नाही. आमचा प्रश्न रचनेविषयी आहे, आणि तो अशा प्रत्येक संस्थेला लागू आहे. जमीन आणि इमारत नागरिकांची, संग्रह नागरिकांचा, पैसा काही करदात्यांचा, काही दात्यांचा, काही तिकिटांचा. मग निर्णय कोणाचा, आणि त्या निर्णयाचा जाब कोणी कोणाला द्यायचा?

'कायदा आहे की!' असे यावर उत्तर मिळते. कायदा आहे, हे खरे. मुंबईचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० सालचा. पुढे त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आले. त्यानुसार विश्वस्तांनी हिशेब ठेवायचे, त्यांचे लेखापरीक्षण करून घ्यायचे, विश्वस्त बदलले तर तो बदल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कळवायचा. कलम ३६ अन्वये विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. पण हे कलम एकदा संग्रहालयाच्या दृष्टीने वाचून पाहावे. ते जमिनीची आणि इमारतीची राखण करते. संग्रहालयाची खरी दौलत मात्र जंगम असते : नकाशे, छायाचित्रे, मातीच्या प्रतिकृती, भांडी, हस्तलिखिते. त्यांच्यासाठी या कलमात तशी अट नाही. १९७२ चा पुरावस्तूंविषयीचा कायदा आहे, पण त्याची कक्षा सामान्यतः शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची, हस्तलिखितांच्या बाबतीत पंचाहत्तर वर्षांची. १९८२ च्या गिरणी संपातील एखादे पत्रक, चाळीतील एखाद्या खानावळीची वही, कामगार रंगभूमीचे एखादे हस्तपत्रक या कायद्याच्या लेखी अजून वस्तूच नाही. देवळाच्या जमिनी राखण्यासाठी जी व्यवस्था सोयीची, तीच शहराच्या स्मृतीला पुरेल असे आपण मानून चाललो आहोत.

शिवाय हिशेब सादर होणे आणि हिशेब वाचता येणे यांत फार अंतर आहे. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करावा, शुल्क भरावे, नकलेची वाट पाहावी, हा मार्ग ज्याला कज्जा करायचा आहे त्याच्यासाठी आहे. ज्याला केवळ जाणून घ्यायचे आहे अशा नागरिकासाठी तो नाही. इंग्लंड-वेल्समध्ये ठरावीक उत्पन्नावरील प्रत्येक धर्मादाय संस्थेचे वार्षिक हिशेब नियामकाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. लंडनचे शहर-संग्रहालयही अशीच एक धर्मादाय संस्था आहे. ते १९६५ च्या खास कायद्याने स्थापन झाले आणि त्याचे नियामक नेमण्याचा अधिकार दोन सार्वजनिक संस्थांत वाटलेला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने आपली जुनी इमारत बंद केली आणि स्मिथफिल्डच्या जुन्या बाजारात जाण्याची तयारी चालवली. त्या प्रकल्पाचा ३३ कोटी ७० लाख पौंडांचा अंदाज पुढे ४३ कोटी ७० लाखांवर गेला. म्हणजे खर्च तेथेही फुगतात. पण तो किती फुगला हे आम्ही मुंबई-पुण्यात बसून लिहू शकतो, कारण तो आकडा कोणाच्या कपाटात राहिलेला नाही. साहेबाचे सगळेच अनुकरणीय असते असे नव्हे. पण संग्रहालय ही संस्था त्याच्याकडून घेताना काचेची कपाटे तेवढी घेतली आणि हिशेबाची वही मात्र घेतली नाही, हे कसे?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, हिशेबाचा तगादा लावला तर दाते पळून जातील. दात्याला देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळते. ती सवलत म्हणजे सरकारी तिजोरीत न आलेला पैसा, म्हणजे पर्यायाने आपलाच पैसा. २०१३ च्या कंपनी कायद्याने सामाजिक दायित्वाच्या खर्चात वारसास्थळांच्या व कलाकृतींच्या जतनाचा समावेश केला, त्यामुळे या क्षेत्रात कंपन्यांचा पैसा येऊ लागला. त्याचे स्वागतच आहे. पण या पैशाला फीत कापण्याची हौस असते. नवे दालन, उजळलेला दर्शनी भाग, नामफलक यांसाठी तो मिळतो; मोडी वाचू शकणाऱ्या सहायकाचा पगार, सूचीकाराची बारा महिन्यांची नेमणूक, कागदाची आम्लता मोजण्याचे साधन यांसाठी मिळत नाही. कोणता पैसा कशासाठी आला आणि नित्याच्या खर्चाची तोंडमिळवणी कशी झाली, हे ताळेबंदावाचून कळणारच नाही. हिशेब विचारणे म्हणजे चोरी शोधणे, ही समजूत टाकून दिली पाहिजे. संस्था कशाला महत्त्व देते हे तिच्या उद्दिष्टपत्रिकेपेक्षा तिच्या खर्चाच्या रकान्यांतून अधिक प्रामाणिकपणे कळते. साहित्याच्या अभ्यासकाला संहितेचे सूक्ष्म वाचन शिकवायला नको. ही देखील संहिताच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'लोकांचे नियंत्रण म्हणजे नगरसेवकांचे नियंत्रण, आणि त्याची फळे आपण तिसऱ्या पर्वात पाहिली', असे सुजाण माणसे म्हणतात. राजकारण्यांना संग्रहालयाची आठवण होते ती फलकावरच्या भाषेसाठी किंवा नावासाठी. मराठीचा आग्रह आम्हीही धरतो. मराठीत माहिती नसलेले मुंबईचे संग्रहालय अपुरेच. पण फलक मराठीत झाला आणि अंदाजपत्रक गुलदस्त्यात राहिले, तर मराठी माणसाला काय मिळाले? शिवाय निवडून आलेल्यांवर सारी भिस्त ठेवण्यातला धोका अलीकडे आणखी एका बाजूने दिसला. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. लोकप्रतिनिधींच्या मार्फत जाब विचारण्याची एकुलती एक वाट अशी बंद होऊ शकते. म्हणून आमचा आग्रह नियंत्रणाचा नसून उघडपणाचा आहे. तज्ज्ञांनी तज्ज्ञतेने निर्णय घ्यावेत. फक्त ते निर्णय, त्यांची कारणे आणि त्यांचा खर्च नागरिकांना वाचता यावा.

तिसरा आक्षेप : 'ही खासगी विश्वस्त संस्था, तिला माहिती अधिकार लागू नाही.' हे उत्तर आपल्या शिक्षणसंस्थांतून आपण नेहमी ऐकतो, म्हणून ते तपासले पाहिजे. २००५ चा माहिती अधिकार कायदा सरकारकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे भरीव अर्थसाहाय्य घेणाऱ्या बिगरसरकारी संस्थांनाही कक्षेत घेतो. सप्टेंबर २०१९ मध्ये डीएव्ही महाविद्यालयांच्या विश्वस्त संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, 'भरीव' म्हणजे निम्म्याहून अधिकच असे नव्हे. शहरातील जमीन फुकट किंवा मोठ्या सवलतीत मिळाली असेल, तर तेही भरीव साहाय्य ठरू शकते. प्रत्येक संस्थेचा निर्णय तिच्या वस्तुस्थितीवर होईल हे खरे, पण पालिकेच्या जागेत, पालिकेच्या इमारतीत वा पालिकेच्या अनुदानावर चालणाऱ्या संग्रहालयांनी 'आम्ही खासगी' म्हणण्यापूर्वी हा निर्णय वाचावा. खरे तर अर्जाची वाट न पाहता माहिती आपणहून प्रसिद्ध करावी, हेच त्या कायद्याच्या कलम ४ चे सांगणे आहे.

लेखापरीक्षणाने काय साधते, याचे उत्तर २०१३ साली मिळाले. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी वारसास्थळांविषयीच्या अहवालात केंद्राच्या संरक्षित यादीतील ९२ स्मारके जागेवर आढळत नसल्याचे नोंदवले. यादी होती, खाते होते, वर्षानुवर्षे खर्च होत होता. स्मारक मात्र नव्हते. कोणी तरी बाहेरून येऊन यादी हातात घेऊन जागेवर गेले, म्हणून हे कळले. ज्या विश्वस्त संस्थांच्या संग्रहांची अशी मोजणी कोणीच करीत नाही, तेथे सारे जागच्या जागी आहे असे मानणे ही केवळ श्रद्धा होय.

आमच्या मागण्या साध्या आहेत. शहराच्या इतिहासाचे संग्रहालय चालवणाऱ्या प्रत्येक विश्वस्त संस्थेने आपली विश्वस्तपत्रिका, करारनामे आणि लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी संकेतस्थळावर, मराठीतही, ठेवावेत. विश्वस्त कसे निवडले जातात आणि किती वर्षांसाठी, हे लिहिलेले असावे. उरलेल्या विश्वस्तांनी आपल्याच ओळखीतून नवा विश्वस्त उचलण्याच्या प्रथेला मुदतीची मर्यादा असावी. संग्रहाची संपूर्ण सूची अभ्यासकांना खुली असावी आणि ठरावीक वर्षांनी तिची बाहेरच्या माणसांकडून पडताळणी व्हावी. वस्तू संग्रहातून काढायची झाल्यास तसे आधी जाहीर करावे. आणि विश्वस्तांत निदान काही जागा अशा असाव्यात, ज्यांवर बसण्यासाठी धन वा पद लागत नाही, त्या शहराचा अभ्यास लागतो.

या शेवटच्या मागणीचा आपल्याशी थेट संबंध आहे. भायखळ्याच्या या वास्तूभोवती गिरणगाव पसरलेले होते. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याची महापालिकेची योजना वर्षानुवर्षे रेंगाळत राहिली. गिरणगावाचे साहित्य आपण अभ्यासक्रमाला लावतो, त्यावर चर्चासत्रे घेतो, प्रबंध लिहून घेतो. पण त्या जगातील वस्तू कोण गोळा करणार, त्यासाठी कोणत्या रकान्यात किती रुपये आहेत, असे एक साधे पत्रही आपल्या विभागांतून अशा संस्थांकडे गेलेले आम्हाला ठाऊक नाही. विद्यार्थ्यांना शाहिरांच्या काव्यातील वर्गजाणीव विचारणारे आपण, त्या शाहिराची डफली पुढच्या पिढीला कोठे पाहायला मिळेल हे विचारत नाही.

येत्या सत्रात इतिहास आणि मराठीच्या पदव्युत्तर विभागांनी मिळून आपापल्या शहरातील एका संग्रहालयाचे, ग्रंथसंग्रहालयाचे किंवा संशोधन मंडळाचे मागील पाच वर्षांचे हिशेब मागवावेत आणि ते विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावेत, असे आम्ही सुचवतो. हिशेब मिळाले तर प्रकल्पाला विषय मिळेल. न मिळाले, तर ते का मिळाले नाहीत, हा विषय त्याहून मोठा आहे.