मुंजीची तबकडी

मंगलकार्य पार पडलें, पाहुणे आपापल्या गांवीं गेले, म्हणजे घर सुनें वाटूं लागतें. अशा वेळीं कार्याचीं चलच्चित्रें पुन्हां पाहण्यांत मोठें समाधान असतें. भडगांवीं आमच्या नातवाची मुंज झाली, तेव्हां धुळ्याच्या आमच्या वृद्ध आत्याबाईंस येतां आलें नाहीं. त्यांच्या घरीं टीव्हीला जोडलेलें जुनें डीव्हीडीयंत्र तेवढें आहे. म्हणून चिरंजीवांनीं मोबाईलवर घेतलेलीं दृश्यें संगणकावर कापून-जोडून नीटनेटकीं केलीं व तबकडीवर उतरवून धाडलीं. आत्याबाईंनीं तबकडी घातली, तों पडदा काळा! दुसरी पाठविली, तींत ऐन मातृभोजनाच्या प्रसंगीं चित्र थिजलें. “बटूला पाहणें माझ्या नशिबीं नाहीं,” असें त्या फोनवर म्हणाल्या. तें आमच्या मनास फार लागलें.

मग चिरंजीवांसह बसून दोष कोठें आहे याचा आम्हीं शोध घेतला. वाचकांपैकीं कित्येकांस हाच अनुभव येत असेल, म्हणून तो येथें सांगतों.

पहिली तबकडी काळी कां? संगणकावरील फाईल जशीच्या तशी तबकडीवर नकलणें आणि डीव्हीडी-व्हिडिओ तयार करणें, या दोन गोष्टी अगदीं निराळ्या आहेत. मोबाईलची एमपी४ फाईल बहुतेक जुन्या यंत्रांस वाचतां येत नाहीं. त्यांस एमपेग-२ पद्धतीचें चित्र, आणि तेंहि ‘व्हिडिओ_टीएस’ नांवाच्या फोल्डरांत रचलेलें लागतें. हें काम डीव्हीडी-ऑथरिंगच्या प्रोग्रॅमकडून करून घ्यावें. आपल्याकडे पाल पद्धत, म्हणजे ७२० × ५७६ ठिपके व सेकंदास २५ चित्रें, निवडावी. अमेरिकेंतील नातलगांसाठीं एनटीएससी निवडावी. आवाज ४८ किलोहर्ट्‌झवर ठेवावा. शेवटीं तबकडी ‘फायनलाइज’ करण्यास विसरूं नये. त्यावांचून संगणक ती वाचील, पण घरचें यंत्र बहुधा वाचणार नाहीं.

दुसरी तबकडी अडली ती घाईमुळें. एकेरी थराच्या तबकडींत ४.७ अब्ज बाइट मावतात. संगणक तेंच माप पुष्कळदां ४.३७ जीबी असें दाखवितो. एवढ्यांत सुमारें दोन तासांचें चित्र चांगलें बसतें. त्याहून अधिक कोंबलें तर तें पुसट होतें. उलट चित्राचा दर सेकंदास ८ मेगाबिटांच्या वर नेला, तर जुनीं यंत्रें अडखळूं लागतात. तबकडी १६ पट वेगानें न उतरवितां ४ किंवा ८ पट वेगानें उतरवावी. ४ पट वेगास पूर्ण तबकडीसाठीं सुमारें १४ मिनिटें लागतात. तेवढा धीर धरावा. त्या वेळांत संगणकावर दुसरें काम करूं नये, आणि वीज मधेंच जाण्याचें भय असल्यास लॅपटॉपची बॅटरी आधीं भरून घ्यावी. तबकडीवर कागदी लेबल चिकटवूं नये. त्यानें तिचा तोल जातो.

सर्वांत उपयुक्त युक्ति अशी: प्रथम संगणकावरच तबकडीची प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाईल, करावी व ती आरंभापासून शेवटपर्यंत पाहावी. तींतच दोष दिसला, तर चूक कापाकापींत किंवा रूपांतरांत आहे. ती निर्दोष असून टीव्हीवर चित्र अडलें, तर कोरी तबकडी, वेग किंवा यंत्र यांपैकीं एकाचा दोष समजावा.

याप्रमाणें केलेली तिसरी तबकडी आत्याबाईंनीं तीनदां पाहिली!

एक दुःखाची गोष्टहि सांगितली पाहिजे. आमच्या मातोश्रींनीं २००७ सालीं एका लग्नांत म्हटलेल्या मंगलाष्टकांची एकच तबकडी घरीं होती. ती कपाटावर राहिली, आणि मूळ कॅसेटीवर आम्हींच पुढें दुसरें कार्य घेतलें. खानदेशांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. घरीं उतरविलेल्या तबकडीचा रंगद्रव्याचा थर उष्णतेनें व उन्हानें बिघडतो. आतां तींतून मातोश्रींचा एक शब्दहि ऐकूं येत नाहीं. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्रा’ची पूर्ण प्रत जेथें उरली नाहीं, तेथें आपल्या घरच्या चित्रांची काय कथा!

तेव्हां वाचकहो, तबकडी पाहण्यासाठीं करावी. ठेवा म्हणून तिच्या एकटीवर विसंबूं नये. मूळ फाईल पुसूं नये, व तिच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या घरीं जपून ठेवाव्या.