पट्टा नेमका कुठे बांधायचा?

गेल्या महिन्यात फळ्यावर लिहिताना माझं उजवं कोपर असं ठणकलं की हातातला खडूच पडला! कपडे पिळतानाही तेच. मग औषधांच्या दुकानातून कोपरावर चढवायचा लवचिक मोजा आणला. ऊब मिळाली, दुखणं तसंच.

डॉक्टर म्हणाले, "बाई, हा टेनिस एल्बो." (२००४ साली सचिन तेंडुलकरलाही झाला होता. मी तर रॅकेट कधी हातात धरलेली नाही!)

आता एक गंमत करा. डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला ठेवा अन् उजवा पंजा मनगटातून वर उचला. काहीतरी हललं ना? मनगट उचलणारे हे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला दोरीसारख्या कंडरेनं जोडलेले असतात. दुखते ती कंडरा. म्हणून पट्टा हाडावर नाही, दोन बोटं खाली, मांसल भागावर बांधायचा. तिथे दाब आला की कंडरेवरचा ताण थोडा हलका होतो. बोटांना मुंग्या आल्या तर पट्टा सैल करायचा, झोपताना काढायचा. मनगटाला ताठ ठेवणारी पट्टीही मिळते, तिनं स्नायूंना विश्रांती मिळते. पण ती बांधून फळ्यावर लिहून दाखवा बरं!

माझा पट्टा पाहून तिसरीतली मुलं विचारतात, "बाई, घड्याळ एवढं वर का बांधलंय?"

आईबाबांचं कोपर दुखत असेल तर त्यांना हे वाचून दाखवा. पण गोलंदाजी करून तुमचंच दुखत असेल, तर पट्टा आणू नका. तुमची हाडं अजून वाढताहेत, दुखण्याचं कारण वेगळं असू शकतं. संघातून काढतील म्हणून लपवू नका, घरी आजच सांगा.