विश्लेषण : सिंगापूरसारखा नदीकाठ हवा, पण आधी काय करावे लागते?

सिंगापूरच्या सहलीतली एक संध्याकाळ ठरलेली असते. नदीतून बोटीची फेरी, क्लार्क की येथे जेवण आणि मरिना बेच्या काठावर प्रकाशाचा खेळ. तिथून परतलेला माणूस हमखास म्हणतो, ‘आपल्याकडे असे का होत नाही?’ नदीकाठ सुशोभीकरणाच्या सादरीकरणांतही हीच छायाचित्रे दाखवली जातात. मात्र छायाचित्रात दिसतो तो या कामाचा शेवटचा टप्पा. पहिला टप्पा गटारांचा आणि पुनर्वसनाचा होता. तो कसा पार पडला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहायला हवे.

क्लार्क की आणि मरिना बे म्हणजे नेमके काय?

‘की’ म्हणजे बोटी लागण्याचा धक्का. आपल्या भाऊच्या धक्क्यासारखा. सिंगापूर नदी जेमतेम तीन किलोमीटरची. तिच्या काठावर बोट की, क्लार्क की आणि रॉबर्टसन की असे तीन भाग आहेत. १८१९ मध्ये स्टॅम्फर्ड रॅफल्स यांनी इथे ब्रिटिश वखार सुरू केली आणि दीडशे वर्षे शहराचा व्यापार या नदीच्या मुखातून चालला. खोल समुद्रात उभ्या असलेल्या जहाजांतून तांदूळ, रबर, मसाले होड्यांत उतरवून काठावरच्या गोदामांत आणले जात. आरंभीच्या काळात या होड्या हाकणाऱ्यांत दक्षिण भारतातून आलेले खलाशी मोठ्या संख्येने होते; पुढे हा धंदा चिनी मालकांकडे आणि मजुरांकडे गेला. त्याच गोदामांत आता उपाहारगृहे आणि बार आहेत. नदी जिथे संपते तिथला मरिना बे हा उपसागर मात्र बराचसा मानवनिर्मित आहे. १९७० च्या दशकापासून समुद्रात सुमारे ३६० हेक्टर भराव घालून त्याला आजचा आकार देण्यात आला.

पर्यटकाने तिथे कधी आणि कसे जावे?

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर आहे. तिथे हिवाळा नाही, दमट उकाडा बारमाही आणि दुपारची सर कधीही येऊ शकते. त्यामुळे हा परिसर खऱ्या अर्थाने जागा होतो तो सूर्यास्तानंतर. क्लार्क कीच्या गल्ल्यांवर २००६ मध्ये पारदर्शक छत्र्यांसारखी छते उभारली गेली, तीही ऊन आणि पाऊस यांना तोंड देण्यासाठी. ब्रिटिश वास्तुरचनाकार विल ऑल्सॉप यांची ही रचना सावली देते आणि हवाही खेळती ठेवते. मेट्रोचे क्लार्क की स्थानक अगदी लागून आहे. तिथून काठाकाठाने चालत बोट की, पुढे सिंहाचे तोंड आणि माशाचे धड असलेला ८.६ मीटर उंचीचा मरलायन पुतळा आणि मग मरिना बे असा रस्ता आहे. उपसागराला वळसा घालणारा सुमारे साडेतीन किलोमीटरचा पदपथ सर्वांना मोफत खुला आहे.

खर्च कुठे होतो, नियम कोणते?

चालणे, बसणे, मरिना बे सँड्सच्या समोरचा प्रकाश आणि पाण्याचा खेळ, ‘गार्डन्स बाय द बे’मधील उंच कृत्रिम वृक्षांखालची बाग हे सारे विनामूल्य. पैसे लागतात ते बोटीची फेरी, काचघरातील बागा आणि गच्चीवरून दिसणारे दृश्य यांसाठी. काठावरची उपाहारगृहे महाग आहेत. बेताच्या खर्चात जेवायचे तर थोडे आत चालत जाऊन ‘हॉकर सेंटर’ गाठावे. दारूबाबतही नियम स्पष्ट आहे. २०१५ च्या कायद्यानुसार रात्री साडेदहा ते सकाळी सातपर्यंत सार्वजनिक जागी मद्यपानास मनाई आहे. परवानाधारक बारमध्ये ती लागू नाही. मरिना बे सँड्समधील कॅसिनोत परदेशी पाहुण्याला प्रवेशशुल्क नाही, पण सिंगापूरच्या नागरिकाला आणि कायम रहिवाशाला दिवसाला १५० सिंगापूर डॉलर मोजावे लागतात. जुगाराचा पैसा बाहेरून यावा, त्याचे व्यसन घरात येऊ नये, असा हा रोकडा हिशेब!

पूर्वी ही नदी कशी होती?

काळी आणि दुर्गंधीयुक्त. १९७० च्या दशकापर्यंत नदीत काय नव्हते? काठावरच्या वस्त्यांचे मैलापाणी, फेरीवाल्यांचे खरकटे, भाजी बाजाराचा कचरा, होड्यांचे तेल आणि शेजारच्या कालांग खोऱ्यात तर डुकरांच्या आणि बदकांच्या गोठ्यांतली घाण. शहराच्या अनेक भागांत टोपलीचे संडास होते; ते पूर्णपणे बंद झाले १९८७ मध्ये. म्हणजे ज्याला आज स्वच्छतेचा मापदंड मानले जाते, त्या शहरातली ही गोष्ट फार जुनी नाही.

मग दहा वर्षांत काय केले?

फेब्रुवारी १९७७ मध्ये अप्पर पिअर्स जलाशयाच्या उद्घाटनात पंतप्रधान ली क्वान यू यांनी पर्यावरण खात्यासमोर उद्दिष्ट ठेवले : दहा वर्षांत सिंगापूर आणि कालांग नद्यांत मासेमारी करता आली पाहिजे. उद्दिष्टाची ही भाषा महत्त्वाची आहे. किती किलोमीटर काठ बांधला किंवा किती निधी खर्च झाला, हे यशाचे माप नव्हते. पाण्यात मासा जगतो की नाही, हे होते.

त्यासाठी घाण पाण्यात उतरते तिथपर्यंत यंत्रणा पोहोचली. झोपड्या आणि जुन्या चाळींतील हजारो कुटुंबांना सरकारी घरबांधणी मंडळाच्या सदनिकांत हलवले. सुमारे पाच हजार फेरीवाल्यांना पाणी, गटार आणि कचऱ्याची सोय असलेल्या हॉकर सेंटरमध्ये गाळे दिले. छोटे कारखाने औद्योगिक वसाहतींत गेले, कालांग खोऱ्यातील सहाशेहून अधिक डुक्करपालन केंद्रे बंद झाली. १९८३ मध्ये सुमारे ८०० मालवाहू होड्या नदीतून पासिर पांजांग येथे हलवल्या. या सगळ्यासोबत मैलापाण्याच्या वाहिन्या आणि पावसाच्या पाण्याचे नाले वेगळे ठेवण्याची व्यवस्था विस्तारत गेली. हे झाल्यावरच तळाचा गाळ काढून काठाच्या भिंती नीट करण्यात आल्या. सप्टेंबर १९८७ मध्ये मोहीम पूर्ण झाल्याचा सोहळा झाला आणि अधिकाऱ्यांना सुवर्णपदके देण्यात आली. बोट कीची जुनी घरे जतन करण्याचा निर्णय त्यानंतर, १९८९ मध्ये. क्लार्क कीचा नवा अवतार सुरू झाला १९९३ मध्ये. म्हणजे आधी पाणी, मग काठ, सर्वांत शेवटी बिअर.

याची किंमत कोणी मोजली?

या कहाणीची दुसरी बाजू पर्यटन पुस्तिकांत नसते. १९६६ च्या भूसंपादन कायद्याने सरकारला खासगी जमीन घेण्याचे व्यापक अधिकार होते आणि मोबदला बाजारभावापेक्षा बराच कमी असे. नकार देण्याची मुभा जवळपास नव्हती. होडीवाल्यांना पर्यायी जागा मिळाली, पण त्यांचा धंदा नदीवर आणि गोदामांवर उभा होता; तो उचलून दुसरीकडे लावता येणारा नव्हता. १९७२ मध्ये कंटेनर बंदर सुरू झाल्यापासून त्या धंद्याला उतरती कळा लागलीच होती, हेही खरे. आज त्याच बनावटीच्या काही होड्या पर्यटकांना फिरवतात. काठावर हमाल, बोटी आणि मुलांचे कांस्यपुतळे आहेत. ती माणसे नाहीत. स्वच्छ नदीच्या बदल्यात जिवंत नदीकाठ गेला, ही खंत खुद्द सिंगापूरमध्ये व्यक्त होत आली आहे.

तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. हलवलेल्या बहुसंख्य लोकांना पक्के छप्पर आणि फेरीवाल्यांना कायदेशीर गाळा मिळाला. त्याच खाद्यसंस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान लाभले. फेरीवाल्याला ‘अतिक्रमण’ म्हणून हाकलले असते तर हे घडले नसते.

मरिना बॅरेजचे महत्त्व काय?

२००८ मध्ये उपसागराच्या तोंडाशी ३५० मीटर लांबीचा बांध उभा राहिला. त्याने समुद्राचे खारे पाणी अडवले आणि मरिना बे गोड्या पाण्याचा जलाशय झाला. त्याचे पाणलोट क्षेत्र सुमारे दहा हजार हेक्टर, म्हणजे देशाच्या जवळपास एक षष्ठांश भूभागाचे. पर्यटक ज्या पाण्याच्या काठी बसतो तेच पाणी शुद्ध होऊन नळाला येते. शहरातल्या नाल्यात टाकलेली घाण आपल्याच पेल्यात येणार, असा हा सरळ संबंध आहे. पिण्याच्या पाण्यासाठी मलेशियावर अवलंबून असलेल्या देशाला हा बांध म्हणूनच हवा होता. अतिवृष्टी आणि भरती एकाच वेळी आली की बांधावरचे पंप पाणी समुद्रात फेकतात आणि सखल भाग वाचतात. २६ जुलै २००५ रोजी मिठीचे पाणी का तुंबले, हे आठवणाऱ्या मुंबईकराला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग मुंबई-पुण्याने यातून काय घ्यावे?

त्या प्रलयानंतर मिठी नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, रुंदीकरण झाले, भिंती उभ्या राहिल्या, गाळ दरवर्षी काढला जातो. नदीत येणारे मैलापाणी मात्र थांबलेले नाही. पुण्यात मुळा-मुठेच्या सुमारे ४४ किलोमीटर काठाच्या सुधारणेचा प्रकल्प आणि जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या कर्जातून होणारी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे, अशी दोन वेगळी कामे आहेत. काठावरची झाडे आणि पूररेषा यांवरून नागरिकांनी आंदोलने केली. त्यांचा मूळ प्रश्न साधा आहे : पाणी शुद्ध होण्याआधी काठ कशासाठी?

सिंगापूरचे उदाहरण याच प्रश्नाच्या बाजूने उभे राहते. अर्थात ते जसेच्या तसे उचलता येणार नाही. तिथे शहर आणि देश एकच, नदी लहान आणि विरोधाला जागा कमी. आपल्याकडे महापालिका, राज्य आणि केंद्र यांच्या वाटण्या आहेत, नदीला पावसाळी पूर आहे आणि लोकांना ‘नाही’ म्हणण्याचा हक्क आहे. तो हक्क असायलाच हवा. पण घेण्याजोगे ते चार शब्दांत मावते : क्रम, मुदत, मोजमाप, पुनर्वसन. आधी सांडपाणी अडवा. तारीख जाहीर करा. यश दगडी पायऱ्यांनी नव्हे, पाण्यातल्या प्राणवायूने मोजा. आणि ज्यांना हलवायचे, त्यांना हलवण्याआधी घर आणि गाळा द्या.

सिंगापूरच्या काठावर जरूर फिरावे, बोटीतही बसावे. परतल्यावर मात्र नगरसेवकाला दिव्यांचे खांब कधी लागणार हे विचारण्यापेक्षा आपल्या प्रभागातले मैलापाणी कुठे जाते, हे विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत कोणताही नदीकाठ म्हणजे दुर्गंधीच्या शेजारी मांडलेले बाक, एवढेच.