फोर्डला शेवरलेचं वावडं कशाला?

संपादक महोदय,

१९३२ च्या फोर्डमध्ये शेवरलेचं इंजिन म्हणजे बाटवाबाटवी, हे आपल्या लेखकाचं मत इतिहासाला धरून नाही. १९५५ मध्ये शेवरलेचं २६५ घनइंची व्ही-८ आलं आणि अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांनीच फोर्डचं मूळ फ्लॅटहेड इंजिन उतरवून ते चढवलं. आळसापोटी नव्हे; ६५ अश्वशक्तीच्या जागी १६२ मिळत होती! शिवाय फ्लॅटहेडचा तप्त धूर ब्लॉकमधूनच बाहेर पडतो. ते तापणारच, पण लेखात त्याबद्दल चकार शब्द नाही.

शेवरलेचा डिस्ट्रिब्युटर मागे, त्यामुळे फायरवॉलशी झटापट होते, एवढं मान्य. फोर्डचंच इंजिन हवं तर ३०२ घनइंची घ्या, त्याचा डिस्ट्रिब्युटर पुढे असतो. मात्र एवढी ताकद चढवण्याआधी ब्रेक बदला. मूळचे हायड्रॉलिक नाहीत.

कळावे,
एक वाचक, पुणे